शटरचं गाणं

माझ्या कुलदीपची वरात अकोल्यात निघाली, तेव्हा वरमाय म्हणून मी मिरवायचं, तर माझं सगळं लक्ष भाचीकडे. आचल, माझ्या भावाची, नत्थुजीची मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिचं मन असं बिघडलं, की अमरावतीला राजापेठेतल्या घरात ती खोलीबाहेर येईना. जेवेना, बोलेना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी हळूहळू सावरली. पण नातेवाइकांचं एकच टुमणं, "कोन होता तो पोरगा?" मला अस्सा राग यायचा! मन दुखायला पोरगाच लागतो का?

बरी होता होता तिनं मनावरची चार गाणी रचली, स्वतःच्या आवाजात मोबाइलवरून नेटवर टाकली. अल्बमचं नाव 'डोक्शातलं'. नत्थुजीनं बजावलं, "नाव नोको टाकू, चेहरा नोको दाखवू. लोक येडी म्हनतीन. मंग लग्न कसं जमन तुह्यं?" तरी बिननावाची गाणी वऱ्हाडभर गाजली. ऑटोत तीच, ट्यूशनच्या पोरांच्या तोंडी तीच. ती कुणाची, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक. माझ्या पोटात राहत नव्हतं, पण भावाला शब्द दिला होता.

आमच्याकडे गाणं वरातीत वाजलं की खरं गाजलं. बँडच्या गाडीवर त्यांचा गायक गुलफाम गात होता. पोरांनी 'डोक्शातलं'मधल्या शटरच्या गाण्याची फर्माईश केली, तशी आचलनं माझा हात घट्ट धरला.

"मन माह्यं बंद दुकान, शटर आतून ओढलं," गुलफाम रंगात आला, "सोडून गेली सजनी मले, काळीज माह्यं तोडलं!"

आचलनं हात सोडला आणि गर्दीतून थेट गाडीपाशी गेली. नत्थुजी मागून ओरडला, "आचल, राहू दे!" तिनं ऐकलं नाही.

"भाऊ, ही दुसरी ओळ गान्यात नाई."

"मीच टाकली, ताई. सजनीबिगर लोक नाचत नाईत."

"मले कोनी सोडून गेलं नव्हतं," आचल म्हणाली. "तरी मन बिघडलं होतं माह्यं. हे गानं मी रचलं."

बँड थांबला. आमचे सोयरे, नवे व्याही, सगळे तिच्याकडे पाहू लागले. गुलफामनं माइक तिच्या हाती दिला.

पहिल्या ओळीला तिचा आवाज थरथरला. दुसरीला नाही.

"कुलूप नाई, किल्ली नाई, कोनी नाई कोंडलं..."

पुढची ओळ सगळ्यांना पाठ होती. अख्ख्या वरातीनं ती तिच्यासोबत म्हटली, "आता हळूच मी उचलून राहिली, ऊन पायाशी पडलं!" घोड्यावरून कुलदीपसुद्धा. मी तर रडतच होते.

तेवढ्यात नत्थुजी गर्दी सारत पुढे आला. तो तिला ओढून नेणार, असं वाटून मी पदर खोचला. त्यानं माइक घेतला.

"मीबी मनातल्या मनात तो पोरगाच हुडकत होतो," तो म्हणाला. "चुकलो. ही माही पोरगी हाये, आचल. गानं तिचं हाये. वाजवा, पयलेपासून वाजवा!"

आणि आयुष्यात कुठल्याच लग्नात न नाचलेला माझा भाऊ लेकीसमोर हात वर करून नाचू लागला. मांडवातून मुहूर्तासाठी फोनवर फोन येत होते. मी, वरमाय, एकही उचलला नाही.