पायरीजवळच्या चपला

त्या दुपारी मी माझ्याच हातानं सासूचा जीव घेणार होते. रागानं नाही, रागात तर मी रोजच असते.

निमित्त झालं नव्या गाडीचं, आमच्या कॅम्परव्हॅनचं. आत ओटा, पलंग, सगळं. बटण दाबलं की एका बाजूची भिंत पलंगासकट हायड्रोलिकवर बाहेर सरकते आणि छोटी खोलीच तयार होते, निघताना ती खोली पुन्हा आत घ्यायची. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला येणाऱ्यांना ही गाडी भाड्यानं द्यायची, असं माझ्या नवऱ्याच्या, दिग्विजयच्या डोक्यात होतं. पहिल्या पाहुण्यांना भेटायला तो इंदापूरला पुढं गेला होता, आणि इकडं जळोचीत, आमच्या अंगणात, खोली अर्धी बाहेर अडकून बसली होती. तशीच गाडी रस्त्यावर काढली असती तर उसाच्या पहिल्याच ट्रॉलीनं ती सोलून काढली असती.

आरिफभाई ट्रॉल्यांचे जॅक दुरुस्त करतात, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी ऑइल बघितलं, पाइप चाचपले. गळती कुठंच नव्हती.

"पंपाला करंट कमी पडतोय," ते म्हणाले. "वायर डायरेक्ट बॅटरीला लावू. वहिनी, तुमी तेवढी टेकवा, मी खालनं जॅक बघतो."

आत कुणी आहे का, हे बघायचं दोघांनाही सुचलं नाही. मी सकाळपासून तोंड सोडलं होतं. नवऱ्याला बोलून झालं, गाडी विकणाऱ्याला बोलून झालं, मग "कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय, सापडू दे, मग बघते" म्हणत अंगणभर ओरडत होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई साखरबाई, ते ऐकत गहू निवडत होत्या. त्या कधी उठल्या, माझं लक्ष नव्हतं.

मी वायर टेकवली. ठिणगी उडाली, पंप घरघरला, खोली कण्हली आणि एकदम सुटून आत सरकू लागली. हुश्श केलं. मग पायरीकडं नजर गेली.

चपला. शेजारी-शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. गाडीची पूजा झाल्यापासून आत्या चपला काढल्याशिवाय आत पाऊल ठेवत नाहीत.

 वायर ओढली तर निघेना. टोक तापून बॅटरीला चिकटलं होतं. आत पलंग आणि ओट्याच्या मध्ये एका माणसापुरती वाट, आणि तीही आता बुजत चालली होती.

"आरिफभाई, थांबवा! थांबवा!" मी जीव तोडून ओरडले.

"व्हय व्हय, वहिनी, हितंच हाय मी," गाडीखालून शांतपणे उत्तर आलं. सकाळपासून मी इतकी ओरडले होते की या ओरडण्यात त्यांना वेगळं काही ऐकूच आलं नाही.

मी दोन्ही हातांनी वायर धरली, पाय बंपरला लावला आणि जोर केला. वायर हातात आली, पंप थांबला, आणि त्याच वेळी आतून कडाड् आवाज झाला. हाड मोडल्यासारखा. फटीतून पाणी ठिबकायला लागलं. मी खालीच बसले. माझ्या आवाजाला अख्खी गल्ली टरकते, आणि मला "आत्या" एवढी हाकसुद्धा मारता येईना. मला आत बघायची भीती वाटत होती.

आरिफभाई बाहेर आले, चपला बघितल्या आणि काही न विचारता आत धावले.

"वहिनी, या लवकर! जित्या हायती!"

आत्या खाली बसलेल्या होत्या, पाठ ओट्याला, पलंगाची कड छातीला टेकलेली. बाजूला लाल फडक्यातला नारळ चिरडला होता. नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून त्यांनीच तो पूजेच्या दिवशी पलंगाखाली लपवला होता आणि तोच घरंगळून खोलीच्या वाटेत अडकला होता. त्यांनी तो ओढून काढला आणि खोली सुटली. हातातून निसटलेला नारळ पलंग आणि ओट्याच्या मध्ये अडला, फुटेपर्यंत त्यानं पलंग धरून ठेवला.

दाब सुटावा म्हणून आरिफभाईंनी पाइप ढिला केला. दोघांनी खांदा लावून खोली मागं ढकलली. आत्यांना मी पायरीवर आणून बसवलं. 

"सांगायचं नाही का, आत्या! नारळ ठेवलाय म्हणून!" आवाज चढलाच माझा.

"तू वरडशील म्हणून न्हाय सांगितलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "म्हटलं, तुला कळायच्या आत काढून घ्यावा."

मी चपला उचलल्या आणि त्यांच्या पायात घालायला वाकले, तर त्यांनी दचकून पाय मागं घेतला.