शो वाचायचा असतो

"बरोबर हाय, भगवानराव. डाव तुमचा," व्यंकटराव म्हणाले आणि पाने गोळा करायला लागले.

मी मागे लसूण सोलत बसले होते. मला पाने दिसत होती. किलवरच्या राजाला चिकटून इस्पिकची नव्वी, मध्येच चौकटचा गुलाम. कसला शो आणि कसलं काय! पण दत्तरावांनी मान डोलावली, नागसेनने पाने टाकून दिली आणि आमच्या ह्यांना वाटलं, आपण जिंकलो.

बोरी गावातल्या आमच्या ओट्यावर रमीचा हा अड्डा हे एसटीत कंडक्टर होते तेव्हापासूनचा. ह्या तिघांना खेळ शिकवला तो यांनीच. तेरा पाने लावायची. बदाम तर बदाम, ओळीने लागली पाहिजेत, आणि अशी एक तरी ओळ बिनजोकरची, ओरिजिनल हवी. ती नसेल तर बाकी सगळं फुकट. आणि सगळी पाने लागली म्हणून कुणी ती उघडी मांडली, शो टाकला, की समोरच्याने तो मोठ्याने वाचायचा, पान न् पान. तिकीट बघितल्याशिवाय मी सख्ख्या भावाला सोडत नसतो, असं म्हणायचे. एकदा व्यंकटरावांचा शो यांनी वाचून चुकीचा ठरवला, तर एवढा मोठा जमीनदार माणूस रुसून घरी गेला होता. पण परत आला.

गेल्या वर्षी यांना लकवा झाला. डावा हात गेला. डोक्याचंही खरं नाही. कधी लख्ख असतात, कधी मलाच ओळखत नाहीत. एका हातात तेरा पाने कशी धरणार? म्हणून मी कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवला आणि त्याच्या केसांत पाने खोचून दिली. मग चांगली उभी राहायला लागली.

मंडळी रोज दुपारी येतात, त्याचे उपकारच आहेत. पण पहिला चुकीचा शो पडला तेव्हाच व्यंकटरावांनी बाकीच्यांना डोळा मारला. मी त्यांना दारात गाठून सांगितलं, "लेकरू खेळवल्यावानी खेळवू नका त्यांना."

"तेवढंच समाधान, वैनी," ते म्हणाले. समाधान कुणाचं, हे मी विचारायच्या आत चप्पल घालून निघालेसुद्धा. माझा असा संताप झाला!

यांनाही शंका आलीच होती. एका सकाळी दाढी करून देताना मला म्हणाले, "सुला, मी आजकाल लय जिंकायलोय, न्हाई का?" मी वाटीतलं पाणी बदलायला उठले.

त्या गुरुवारी मात्र सकाळपासून डोकं स्वच्छ होतं. चष्मा पुसून मागितला. दुपारी एकेक पान बघून, थांबून, ब्रशमध्ये लावलं. बदामाची छक्की तेवढी अडली होती. दत्तरावांनी ती टाकली तेव्हा मी लसूण सोलायची थांबले.

यांनी ती उचलली. उजव्या हाताने एकेक पान सतरंजीवर मांडलं. बदामाची पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी. किलवरची दुर्री, तिर्री, चौकी. तीन राण्या. तीन दश्शा. एकही जोकर नाही. पान जरासुद्धा वाकडं पडलं नाही.

"वाचा," हे म्हणाले.

व्यंकटराव मोबाइलवर मानवतच्या बाजारात कुणाला तरी कापसाचा भाव विचारत होते. फोन कानाला तसाच ठेवून म्हणाले, "बरोबर हाय, भगवानराव." आणि तळहाताने सगळी पाने ओढून घेतली.

"वाचा तर एकदा."

"वाचायचं काय त्यात? तुमचा शो कधी चुकलाय का?" पाने गड्डीत गेली, पिसणंही सुरू झालं.

मला राहवलं नाही. "अवो, खराच होता शो. मी बघितला," मी म्हणाले. तर दत्तराव माझ्याकडे बघून गोड हसले. नागसेनही हसला. मीही त्यांच्या नाटकात आले, असं वाटलं त्या शहाण्यांना.

हे पुढे खेळले नाहीत. मंडळी गेल्यावर मी जवळ जाऊन बसले. बदामाच्या ओळीपासून राण्या-दश्शांपर्यंत सगळा शो त्यांना आठवणीनेच वाचून दाखवला. ओरिजिनल होती ओळ, म्हटलं, माझ्या डोळ्यांनी बघितली.

त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"तू बी तेच म्हणायलीस," म्हणाले.

मी शपथ घेतली. गड्डीतून बदाम शोधून काढायला लागले, पण त्यांनी तिकडे बघितलंच नाही. उजव्या हाताने ब्रश उचलला, केसांत अडकलेली लसणाची सालं एकेक करून काढली आणि तो माझ्यापुढे धरला.

"धुण्याच्या दगडावर ठेव. कपड्याला लागंल."

मी ब्रश नेऊन दगडावर ठेवला.