दुलयांची रास

"या कढईत तेल कुणी ओतलं?"

हुर्सनोयने झाकण वर धरून आत पाहिले. मुगाच्या खिचडीवर तेलाचे थेंब चकाकत होते. सकाळी तिने स्वतःच्या हाताने काढून दिलेल्या पळीभर सरकीच्या तेलात खिचडी एवढी चकाकणे शक्य नव्हते.

"मीच ओतलं, ओयी. तुम्ही दिलं होतं तेवढंच," चुलीपाशी बसलेली सून मुहय्यो म्हणाली.

"मी दिलं होतं तेवढं? मग माझे डोळे गेले म्हणायचे."

"कांदा कमी घातलाय. म्हणून तेल वर आलंय."

"आणि कांदा कमी का घातला?"

"तुम्हीच काल म्हणालात ना, कांदा महागलाय म्हणून."

यावर बोलायला जागाच नव्हती. पण बोलायला जागा उरली नाही की हुर्सनोयचा संशय आणखी बळावत असे. खरे बोलणारे माणूस इतक्या चटकन उत्तर देत नाही, असे तिचे ठाम मत होते. कुवा गावातल्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात तिचे सगळे उमेदीचे आयुष्य गेले होते. तिथे मुलांच्या वाट्याचे लोणी कुणाच्या पदराखालून जाते, मांस कुणाच्या पिशवीत शिरते, हे तिने इतकी वर्षे पाहिले होते की निवृत्त झाल्यावरही नजर तशीच राहिली. सरकारने पेन्शन दिले, पण नजर काही परत घेतली नाही.

आणि आता तर त्या नजरेला घरातच काम मिळाले होते. मुलगा सोबितजोन रशियात इमारतींच्या कामावर होता. लग्नानंतर चार महिन्यांत गेला तो गेलाच. आधी पैसे व्यवस्थित येत. मग उन्हाळ्यात कमी झाले, शरदात आणखी कमी. पैसे सुनेच्या मोबाईलवर यायचे, ती बँकेतून काढून आणायची आणि सासूच्या हातात ठेवायची. "रूबल पडलाय म्हणे," ती म्हणायची. "काम कमी आहे म्हणे." हुर्सनोय नोटांकडे बघायची, मग सुनेच्या तोंडाकडे बघायची.

"इतकेच?"

"इतकेच, ओयी."

दर महिन्याला हेच दोन शब्द, आणि दर महिन्याला सून खाली बघायची. हुर्सनोयच्या मते पाणी तिथेच मुरत होते.

म्हणून तिने हात आखडला. मांस फक्त शुक्रवारी, तेही हाडाला चिकटलेले. खडीसाखरेचा डबा स्वतःच्या कपाटात, किल्ली कमरेला. फ्रिज बंद, कारण थंडी पडलीच आहे, अंगण काय वाईट आहे? चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळायची. तंदूर आठवड्यातून एकदाच पेटवायचा, आणि शिळी नान चहात बुडवून खायची. शेजारची अदोलत हसून म्हणाली, "हुर्सनोय ओपा, तुमच्या अंगणातल्या चिमण्यासुद्धा आता आमच्याकडे जेवायला येतात." हुर्सनोयला राग आला, पण चिमण्या खरेच कमी झाल्या होत्या.

खरे सांगायचे तर काटकसरीत तिचा दुसराही हेतू होता. घर आवळले की ज्याच्याकडे दुसरीकडून येते आहे तो आपोआप उघडा पडतो. सून चोरून काही विकत आणील, माहेरून काही मागवील, निदान कुरकुर तरी करील. पण मुहय्यो कसलीच कुरकुर करीना. वाढले तेवढे खाई. कधीकधी तर त्यातलेही सासूच्या ताटात सरकवी. हे तर फारच संशयास्पद होते.

"बाहेर खात असेल," अदोलतने काडी टाकली. "दर गुरुवारी माहेरी जाते ना? आई काय उपाशी परत पाठवते का लेकीला?"

"जाते खरी. गाठोडं घेऊन जाते."

"गाठोडं कसलं?"

"दुलई. म्हणते कापूस बसलाय, माहेरच्या गल्लीतला पिंजारी स्वस्तात पिंजून देतो."

"नव्या नवरीच्या दुलईचा कापूस इतक्यात बसला?" अदोलतने भुवया वर केल्या आणि चहाचा घोट घेतला.

हुर्सनोयला ते आधीच सुचायला हवे होते. घरी येऊन तिने सुनेच्या खोलीत डोकावले. कोनाड्यात पेटीवर दुलयांची रास होती. लग्नात आली तेव्हा छतापर्यंत एक हात उरला होता, आजही तेवढाच उरला होता. वरून भरतकामाची पांढरी चादर सोडलेली. रास जागेवर आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मुलीकडचे लोक वर्षानुवर्षे कापूस साठवून, रात्री जागून ज्या दुलया शिवतात, त्या नवरीच्या खोलीत उंच रचलेल्या असल्या की घर भरलेले दिसते. गल्लीतल्या बायका सून बघायला येतात तेव्हा सुनेच्या तोंडाआधी राशीकडेच बघतात.

त्याच आठवड्यात अदोलतच्या मुलाचे लग्न झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीचे सामान लावून झाले, आणि गल्लीतल्या बायका ते बघायला जमल्या. पुलाव होता, हलवा होता. हुर्सनोयने दोन तुकडे मांस खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधताना इकडेतिकडे पाहिले. मग सगळ्याजणी नवरीच्या खोलीत शिरल्या. दुलया एकेक करून बोटांत धरून बघायच्या, कापूस दाबायचा, अस्तर उलटून टाके बघायचे, हे सगळे रीतीप्रमाणे चालले होते.

"सगळ्या आईनं शिवल्या का गं?" कुणीतरी विचारले.

नवरी लाजली. अदोलतच तिच्या वतीने बोलली, "हल्ली शिवत बसायला वेळ कुणाला? काही घरच्या, काही बाजारच्या. पण बाजारच्या असल्या तरी न वापरलेल्या, कोऱ्या करकरीत आहेत हं!"

हुर्सनोयच्या हातात तेव्हा एक पिवळी-हिरवी दुलई होती. तिने सवयीने कोपरा उलटला. निळ्या अस्तराला कोपऱ्यात बोटभर लांबीचा फुलाफुलांचा तुकडा जोडलेला होता.

तिचा हात तिथेच थांबला. हा तुकडा तिने पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, चारचौघींत दाखवला होता. मुहय्यो सून म्हणून आली तेव्हा हुर्सनोय याच कोपऱ्याला धरून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली होती, "विहीणबाईंचं अस्तर संपलं वाटतं. लेकीला देताना एवढा हात आखडावा?" मुहय्योची आई तेव्हा ओशाळून हसली होती.

"कुठल्या बाजारातली गं ही?" हुर्सनोयने कसेबसे विचारले.

"का हो ओपा, आवडली?" अदोलत म्हणाली. "गुरुवारच्या बाजारात विहीणबाईंना मिळाली. एक मुलगी विकते म्हणे, गुपचूप. तिच्याकडच्या चार घेतल्या."

हुर्सनोयने दुलई खाली ठेवली. सुनेने हुंड्याच्या दुलया घराबाहेर काढल्या, याचा कुवात एकच अर्थ होतो. रुसून गेलेली बाई कपडे नेते, दागिने नेते, पण दुलया नेत नाही. दुलया नेल्या की ती परत यायची नसते. शेजारच्या गल्लीतल्या एका सुनेने असेच केले होते. आधी एकेक दुलई माहेरी, मग एक दिवस स्वतः, आणि मागून फारकतीचा कागद. म्हणजे हे गाठोडे, हे गुरुवार, ही खाली घातलेली मान, सगळे त्याचसाठी होते. पोरगा तिकडे थंडीत विटा वाहतोय, त्याचे पैसे गिळायचे, हुंडा विकून रोकड करायची आणि एक दिवस उंबरा ओलांडून जायचे. आणि मग सोबितजोन परत तरी कशासाठी येणार? रिकाम्या घरात म्हातारीचे तोंड बघायला?

ती तशीच खोलीतून घरी निघाली. अदोलत मागून "ओपा, चहा तरी!" म्हणत राहिली.

अंगणात मुहय्यो तंदूरपाशी वाकली होती, पाठ दाराकडे. हुर्सनोय तिच्या मागून सरळ सुनेच्या खोलीत गेली, पांढरी चादर ओढून काढली आणि राशीत हात घातला. वरच्या तीन दुलया होत्या. चौथ्या जागी तिच्या हाताला कुरकुरीत काहीतरी लागले. तिने ओढले. गाजराचे पोते निघाले, आत मक्याची वाळलेली पाने ठासून भरलेली, वरून जुनी ओढणी शिवलेली. त्याखाली तसेच दुसरे. त्याखाली खोके. एकेक ओढत ती पेटीपर्यंत पोचली, तेव्हा खोलीभर मक्याचा भुसा झाला होता.

दारात मुहय्यो उभी होती. हाताला पीठ होते.

"कधी निघतेस?" हुर्सनोयने विचारले.

"कुठे?"

"माहेरी. आणखी कुठे! हुंडा विकून झाला, आता काय राहिलंय? का माझ्या मुलाचा आणखी एक महिन्याचा पगार यायचाय?"

"ओयी, तुम्ही बसा आधी. तुमचं ब्लडप्रेशर..."

"माझ्या ब्लडप्रेशरची काळजी करू नकोस! बालवाडीत पन्नास चोर पाहिलेत मी. एकीनंही चोरी करून वर मला नान भाजून घातली नव्हती!"

मुहय्यो दारातच खाली बसली. तिने हाताचे पीठ बोटांनी चोळून काढले. खूप वेळ ती तेच करत राहिली, आणि हुर्सनोयला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"पगार यायचा नाहीये, ओयी," शेवटी ती म्हणाली. "उन्हाळ्यापासूनच येत नाहीये. ठेकेदार सगळ्यांचे पैसे घेऊन पळाला. यांचे कामाचे कागद रद्द झाले, त्यामुळे दुसरं काम कुणी देत नाही. आठ जण एका पत्र्याच्या डब्यात राहतात. कधी बाजारात हमाली मिळते, त्यात जेवण होतं. यांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, ओयीला कळलं तर ती अंथरूण धरेल. काम लागेपर्यंत काहीही सांग, पण हे सांगू नकोस."

"खोटं," हुर्सनोय म्हणाली. "दर महिन्याला पैसे आलेत. माझ्या हातावर ठेवलेस तू."

मुहय्योने भुशात पडलेल्या पोत्यांकडे पाहिले.

हुर्सनोयनेही पाहिले. मग तिच्या लक्षात आले, आणि एकदम सगळेच लक्षात आले. सुरुवातीला जास्त पैसे आले होते, कारण आधी मखमली दुलया गेल्या होत्या. मग अतलस रेशमाच्या. मग साध्या. ज्या महिन्यात तिने "इतकेच?" विचारताना नोटा गालिच्यावर फेकल्या होत्या, तो बहुधा त्या जोड दिलेल्या कोपऱ्याच्या दुलईचा महिना होता. तशी दुलई बाजारात कोण धड भाव देऊन घेणार? तो कोपरा तर तिनेच सगळ्या गल्लीला दाखवून ठेवला होता. तिला इतकी लाज वाटली की तिने पदराने तोंड झाकून घेतले.

"तुझ्या आईला माहीत आहे?" तिने पदराआडूनच विचारले.

"नाही. तिला वाटतं पिंजायला नेते. सात वर्षं शिवत होती ती."

बाहेर तंदूरमधली नान करपल्याचा वास येऊ लागला. मुहय्यो उठायला लागली. "राहू दे," हुर्सनोय म्हणाली, आणि ज्या बाईने महिनाभर शिळ्या नानचा चुराही वाया जाऊ दिला नव्हता, तिने सगळा तंदूर करपू दिला.

मग ती उठली. मागच्या खोलीत तिची स्वतःची रास होती, तिच्या लग्नातली. नवरा गेल्यापासून तिने ती उलगडली नव्हती. लाल मखमल आता विटकरी झाली होती, पण कापूस जुन्या काळचा, दमदार होता. एक दुलई तिने कवेत घेऊन आणली आणि सुनेच्या पेटीवर ठेवली. मग दुसरी आणायला वळली.

"ओयी, हे काय करताय? या तुमच्या आहेत."

"अदोलत बायका घेऊन येईल उद्या. मी चहा न घेता निघून आले ना, आता तिला झोप लागायची नाही. तिला काय मक्याची पानं दाखवू?" हुर्सनोय म्हणाली. "उभी काय राहिलीस? धर ते टोक. आणि पुढच्या गुरुवारी बाजारात जायचं तर मला घेऊन जा. तुला भाव करता येत नाही. तुला ठकवलंय सगळ्यांनी."

दोघी दुलईच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या आणि घडी घालत एकमेकींकडे आल्या. घडी मोठी झाली तर मुहय्योने ती मोडली आणि दोघींनी पुन्हा घातली.

तेवढ्यात कोनाड्यातला मोबाईल वाजला. मुहय्योने नाव पाहिले आणि घाबरून सासूकडे पाहिले. हुर्सनोयने फोन तिच्या हातातून घेतला आणि "बोल, बाळा," म्हणाली. पलीकडे वारा होता, खूप माणसांचा गलका होता, आणि सोबितजोनचा आवाज नको तितका खुशीत होता.

"ओयी! कशी आहेस? पैसे पोचले का गं या महिन्याचे? जरा कमी होते, साहेबांनी कापून घेतले."

समोर मुहय्यो दुलई छातीशी धरून उभी होती.

"पोचले, बाळा. कमी कसले? भरपूर झाले. दोन महिने पाठवू नकोस, आम्हाला पुरून उरलेत."

सोबितजोनच्या आवाजातली खुशी एकदम उतरली.

"खरंच तुला काही कमी पडत नाही ना, ओयी?"

"मला काय कमी पडणार? तुझी बायको आहे घरात," हुर्सनोय म्हणाली. "तिकडे बर्फ पडायला लागला का रे?"

"लागला."

"मग कान झाकून घेत जा," ती म्हणाली, आणि फोन सुनेच्या हातात देऊन तिसरी दुलई आणायला मागच्या खोलीत गेली.