विंचू न अडवणारा दोर

“दोरच खोटा आहे. आणि दोर खोटा म्हणजे वळणारीचा हात खोटा.”

तंदुराच्या आडोशाला बसून सासूबाई मोठ्या सुनेला हे सांगत होत्या. धाकटी सून मायसा विहिरीवर गेलीय अशी त्यांची समजूत होती. गेली होती खरी, पण बादली विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली आणि भिंतीच्या कोपऱ्याशी थबकली. मला तर त्यांनी हिशेबातच धरलं नव्हतं. मी त्यांच्या हाताच्या अंतरावर, अंथरुणाच्या वळकटीवर गुंडाळून ठेवलेला. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर बोलू नये, हा नियम माणसं दोरांना लावत नाहीत.

तो खोटा दोर मीच.

“चाळीस दिवस होऊ देत,” सासूबाई पुढं म्हणाल्या. “रीतीप्रमाणे माहेरी पाठवू. पण आणायला एवढ्यात कोणी जायचं नाही. आधी पायगुण बघू.”

मायसानं बादली उचलली नाही. रिकाम्या हातानं ती पुन्हा विहिरीकडे चालू लागली. आमच्या काराकुमच्या वाळवंटात नवी नवरी चाळीस दिवसांनी माहेरी परत जाते आणि सासरचे आणायला येईपर्यंत तिथं थांबते. कुणाला आठवड्यात नेतात. कुणाची आत्या तीन वर्षं दारात बसून वाटेकडे बघत राहिलेली असते. त्या दिवशी लग्नाला बावीस दिवस झाले होते.

माझा जन्म मायसाच्या माहेरचा. तरुण उंटिणीच्या मानेचे काळे केस आणि मेंढीची पांढरी लोकर एकत्र पिळून तिच्या आईनं, तुवाकनं, मला वळलं. वळताना ती अखंड बोलत असे. मला बोलायची सवय लागली ती तिथूनच. ती सांगायची, हा दोर अंथरुणाभोवती घातला की विंचू, साप, काराकुर्त ही विषारी कोळ्यांची जात, कोणी आत पाऊल टाकत नाही. उंटाचे केस त्यांच्या पोटाला टोचतात. मेंढ्या या काळ्या कोळ्यांना गवतासारखं चरून टाकतात, म्हणून लोकरीच्या वासानंच काराकुर्त लांब पळते.

हे सगळं मी खरं मानलं. आपल्याबद्दल आई जे सांगते ते कोण तपासून बघतं?

लग्नाच्या पेटीतून मी सासरी आलो. इथली माणसं वाईट नव्हती. सासरे ओवेझ आगा दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायचे, त्यांतली सहा उंटांशी. मोठी सून बोस्सान हसरी, तिची सहा महिन्यांची सेल्बी त्याहून हसरी. मायसाचा नवरा हेमरा कळप घेऊन पंधरा पंधरा दिवस लांबच्या विहिरींवर. आणि सासूबाई सादाप, ज्यांच्या शब्दाबाहेर वारासुद्धा वाहत नसे.

मायसाचा आवाज मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेला नव्हता. नव्या सुनेनं चाळीस दिवस सासू-सासऱ्यांसमोर ओढणीचं टोक दातांत धरायचं आणि बोलायचं नाही. तोंड गुंतलं की डोळे मोकळे राहतात, आणि हिचे डोळे तर पहिल्यापासूनच फिरते. ओवेझ आगा चहात साखर सासूबाईंची पाठ वळल्यावर घालतात, हे तिनं तिसऱ्या दिवशी हेरलं. सासूबाई पीठ मळताना हसतात पण कुणी आलं की हसू पिठात दाबून टाकतात, हे पाचव्या दिवशी.

माझं पितळ उघडं पडलं ते चौथ्या दिवशी.

पहाट होती. अंगणात अंथरलेल्या लोकरीच्या नमद्यावर मायसा झोपली होती, तिच्याभोवती मी. वाळूतून एक पिवळा विंचू आला. माझ्यापाशी येऊन थांबला. मी सगळे केस ताठ करून वाट पाहिली. त्यानं पुढचा एक पाय माझ्यावर टेकवला, मग दुसरा, आणि उंबरा ओलांडावा तसा तो मला ओलांडून आत गेला. टोचलं वगैरे काही नाही. उलट मलाच गुदगुल्या झाल्या.

मायसा जागी होती. तिनं श्वास धरला, पाय आखडले, चपलेनं त्याला ठेचलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. लोक आपल्या भरवशावर गाढ झोपतात आणि आपल्यात भरवशासारखं काही नाही, हे एकट्या दोराला ठाऊक असणं फार वाईट.

त्यानंतर विंचू येतच राहिले. चपलेत एक, पिठाच्या पिशवीखाली एक, बोस्सानच्या घडीच्या कपड्यांत दोन. एक ओवेझ आगांच्या लोकरी टोपीत सापडला. त्यांनी तो झटकला आणि तीच टोपी डोक्यावर घातली. आणि सासूबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं: गेल्या वर्षी या अंगणात एवढे विंचू नव्हते. ते आले मायसाबरोबरच. बोट दाखवायला माणूसही समोर होतं आणि दोरही.

मायसा रोज पहाटे उठून बसू लागली. ओढणी सोडलेली, हनुवटी गुडघ्यावर. उजाडायच्या आधी विंचू घरी परततात, आणि ते कुठे जातात हे तिला बघायचं होतं. तीन दिवसांत कळलं. सगळे सरपणाच्या ढिगात.

हा ढीग लग्नाचा. आमच्याकडे झाड म्हणजे साकसऊल, आणि सरपण म्हणजे त्याचीच वेडीवाकडी वाळकी खोडं. लग्नाच्या जेवणावळीसाठी आजूबाजूच्या प्रत्येक घरानं एकेक गाडी आणून टाकली होती. निम्मी जळली, निम्मी उरली आणि घराच्या भिंतीला टेकून, माणसाच्या छातीएवढ्या उंचीची, तशीच राहिली. लग्नातलं उरलेलं सरपण चाळीस दिवस जागचं हलवायचं नाही, नाहीतर घराची बरकत त्याच्याबरोबर जाते, अशी सासूबाईंची पक्की समजूत. वरची चार लाकडं तंदुराला काढायची, बस. तळाशी काय चाललंय ते बघायला कुणी वाकत नसे. मायसा वाकली. खोडांच्या सालींखाली विंचू, आणि तळाच्या अंधारात एका विस्कटलेल्या जाळ्यात वाटाण्याएवढी, चकचकीत काळी काराकुर्त.

तिनं हेमराला सांगितलं. तो त्या दिवशी घरी आला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणार होता. आईच्या बरकतीला हात लावायचा म्हणजे काय, हे ऐकूनच त्यानं पाणी मागितलं. म्हणाला, अठरा दिवसांचा तर प्रश्न आहे, मग हलवूच की. तिनं बोस्सानला गाठलं. ती म्हणाली, “मी सांगते गं, पण त्या म्हणतील धाकटीनं पढवलं. आणि दोराचं विचारलं तर काय सांगू?”

दोराचं काय सांगायचं हा प्रश्न माझाही होता. मी वाईट वळला गेलो असं म्हणावं तर तुवाकचं नाक कापलं जातं. कुठलाच दोर विंचू अडवत नाही असं म्हणावं तर सासूबाईंचंही नाक जातं, कारण त्यांच्या पेटीत त्यांच्या माहेरचा दोर होता, चाळीस वर्षांचा, आणि त्याच्या भरवशावर त्यांनी पाच मुलं वाढवली होती.

असे दिवस सरत गेले. चौतिसावा दिवस उजाडला.

ऊन उतरलं होतं. ढिगाची सावली अंगणात लांबवर पडली होती, म्हणून सासूबाईंनी नमदा नेमका ढिगाला लागून अंथरला, सेल्बीला त्यावर निजवलं आणि भोवती मला फिरवलं. खोटा का होईना, दोर तो दोर. मग त्या आणि ओवेझ आगा नमद्याच्या पलीकडे चहाला बसले. मायसा पीठ मळत होती, ओढणी दातांत. बोस्साननं तंदुरासाठी ढिगातलं एक लाकूड ओढलं. ते अडकलं, तिनं जोर लावला, आणि ढीग कुरकुरत खाली बसला.

विंचू बाहेर पडला आणि सरळ माझ्याकडे आला. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. तो माझ्यावर चढला. मी अंग आक्रसलं, केस फिस्कारले, जे काही एका दोराला जमतं ते सगळं केलं. तो उतरला आणि सेल्बीच्या उघड्या पायाकडे निघाला. सेल्बी त्याला बघून हसत होती.

पिठानं भरलेले दोन हात आले आणि सेल्बी वर उचलली गेली. मायसानं तिला कडेवर घेतलं, वाकून सासऱ्यांचा चहाचा वाडगा घेतला, उरलेला चहा फेकला आणि विंचवावर वाडगा उपडा घातला. हे सगळं एका अक्षराशिवाय.

सगळे धावत आले. सासूबाईंनी नातीचे पाय, हात, मान, सगळं उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

“बघितलंत? भोवती दोर असून आत शिरला. मी काय म्हणत होते?”

त्या तरातरा घरात गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि आपला दोर घेऊन बाहेर आल्या. काळाभोर, चोपडा झालेला, आदर वाटावा असा म्हातारा. माझ्या बाहेरून त्यांनी तो नमद्याभोवती नीट फिरवला, टोकाला टोक जुळवलं आणि हात पुढं केले.

“आण तिला. हे त्या विंचवाला मारतील, मग ठेव इथं.”

ओवेझ आगा काठी शोधत होते. मायसानं सेल्बीला दिलं नाही.

“अगं, आण म्हणते ना.”

मायसा मागं सरकली. कडेवरच्या पोरीला तिनं वर ओढून घेतलं, बोस्सानला मानेनं बाजूला व्हायला सांगितलं, आणि पायाच्या बोटानं वाडगा उलटवला.

विंचवाला आमच्या भानगडीत रस नव्हता. त्याला घरी जायचं होतं. तो मला ओलांडून गेला, सवयीनं. मग सासूबाईंच्या दोराशी आला, आणि चाळीस वर्षांच्या त्या म्हाताऱ्यावरून जाताना त्यानं थांबायचेही कष्ट घेतले नाहीत. समोर ढीग होता. एका खोडाची साल उचकटलेली होती. तिच्याखाली तो शिरला, आणि शेपूट आत ओढून घेतली.

सासूबाई आपल्या दोराकडे बघत होत्या. पाच मुलांची किती रात्रींची झोप त्याच्या भरवशावर झाली असेल, तेच बहुधा मोजत असाव्यात.

“घरी गेला तो,” ओवेझ आगा म्हणाले. त्या दिवसाचं ते त्यांचं माणसांशी बोललेलं तिसरं वाक्य.

तेव्हा मायसाच्या दातांतून ओढणीचं टोक सुटलं. पडलं नव्हे, तिनं सोडलं. ओठांना पीठ लागलेलं, गाल लाल झालेले, कडेवर सेल्बी तिची वेणी ओढतेय. सासऱ्यांसमोर, चाळिसाला सहा दिवस बाकी असताना.

आता मी कुठे असतो ते सांगतो. अंथरुणाभोवती मी नसतो. घरापासून शंभर पावलांवर, वाऱ्याच्या बाजूला सरपण रचलेलं असतं, आणि त्याच्या मोळ्या बांधून वाहायचं काम माझं. सालींनी माझे केस उपटलेत, पांढरी लोकर मातकट झालीय. तक्रार नाही. गाठ मारली की ती बसते आणि ओझं पेललं जातं. जे माझ्याबद्दल सांगितलं जातं ते आता खरं असतं. रात्रीची धडधड गेली. सासूबाईंचा म्हातारा अजून सेल्बीच्या अंथरुणाभोवती असतो, पण त्याआधी सासूबाई स्वतः अंथरूण दोनदा झटकतात, चपला आपटतात आणि कुणी बघत नाही ना ते बघून घेतात. तुमच्याही घरी असा दोर असेल तर जरूर घाला, त्या बिचाऱ्याला हाकलू नका. फक्त त्याच्यावर सोडून झोपू नका.

एकेचाळिसाव्या दिवशी मायसा माहेरी गेली. त्यानंतर नवव्या दिवशी तिला आणायला सासूबाई गेल्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी जाऊ दिलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सासू-सासरे तिच्याकडे बघत उभे होते, आणि जो आवाज चौतीस दिवस फक्त मी, हेमरा आणि बोस्साननं ऐकला होता, तो जरासा घोगरा होऊन बाहेर आला:

“आई, सरपणाला बरकत आहे खरी, पण ती विंचवांना लागलीय. आजच हलवू या. आणि मोळ्या माझ्या आईच्या दोरानं बांधा. तेवढं त्याला नक्की जमतं.”