कपाटातली आई

आमच्या प्रशिक्षण केंद्रात सरावासाठी एक खोली आहे. ओटा, पलंग, कपाट, सगळं घरासारखं. तिथे सकाळभर एकटीनं राहायचं, ऑम्लेट करायचं आणि एक वाजता आमच्या बाईंना वाढायचं. जमलं, तर सोमवारपासून हॉटेलात टॉवेलांच्या घड्या घालायची नोकरी. कुणाची मदत घेतली, तर पुन्हा सहा महिने शिकवणी. मला दिसत नाही, पण मी सतरा वर्षांची आहे आणि ती नोकरी मला हवी म्हणजे हवीच होती.

त्या दिवशी आईनं मला खोलीत सोडलं, नीट राहा म्हणाली आणि दार लावलं. आतून.

तिला वाटलं, मला काही कळलं नाही. आईचे गुडघे वाजतात. शिवाय ती श्वास रोखते तोही शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल असा. कंटाळून जाईल म्हणून मी गप्प बसले.

पण तिचे हात गप्प बसतील तर ना. पडेल, भाजेल, कापेल म्हणून ती माझ्यामागे आवरतच सुटली. मी डाव्या हाताशी ठेवलेलं मीठ फळीवर चढलं. अंड्यासाठी वाटीत हात घातला, तर आत ओला स्पंज. कांद्याकडे वळले, तर तो चिरून तयार. ज्याला दिसत नाही त्याच्या वस्तू हलवू नयेत, हे गेली सतरा वर्षं मी तिला सांगतेय. माझं डोकंच फिरलं.

एकला बाई आल्या तशी आई कपाटात शिरली. ऑम्लेट खाऊन झाल्यावर बाईंनी विचारलं, कुणाची मदत झाली का? "नाही" अगदी जिभेवर आलं होतं. पण आज गप्प राहिले, तर सोमवारी आई टॉवेलांच्या ढिगात लपणार.

"कपाटात आई आहे," मी म्हणाले.

"मी आत्ताच आले," कपाट म्हणालं.

बाईंना हसता हसता ठसका लागला. मग त्या म्हणाल्या, "एकटीनं राहायचं तर आलेल्या माणसाला घरी पाठवताही यायला हवं. पाठव. जमलं तर पास."

मी आईचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं. आजवर तिनंच मला नेलं होतं.

"आई, गरज लागली की मी बोलावीन. आता घरी जा."

"कांदा जाड झाला होता का गं?"

"नाही. छान झाला होता."

मी दार लावलं, कडी घातली. बाहेर तिचे गुडघे वाजले. मग एकेक पायरी उतरत ती गेली. मी जिंकले होते. मला इतका आनंद झाला, की दाराशीच बसून मी भोकाड पसरलं.