काचेचं झाकण

आत्या रविवारी येणार म्हटल्यावर कवळीमास्तरांना बसल्या जागी चैन पडेना. जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या म्हणून हे नाव पडलेलं. तिथे केसाएवढी चूक होऊ दिली नाही, आणि आता वीतभर विमानापुढे गडी हातपाय गाळून बसला होता.

विमान मोठ्या काकांचं. म्हणजे विकतच्या खोक्यातले प्लास्टिकचे तुकडे मास्तरांनी जोडून केलेलंच, पण पंखावरचा एकेक रिव्हेट खऱ्यासारखा. काका लढाईत असलंच विमान उडवायचे. एक दिवस ते पेटतं येऊन धावपट्टीशेजारी पडलं आणि काका गेले. धाकटी बहीण, म्हणजे आत्या, तेव्हा फ्रॉकमध्ये होती. त्याला काही कळलंसुद्धा नाही गं, क्षणात गेला, असं घरच्यांनी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. आता नव्वदीला टेकल्यावर तिनं भाच्याकडे एकच मागणं केलं होतं.

"मला एवढंच बघायचंय, त्याला बाहेर पडायला वाट होती का."

होती की! डोक्यावरचं काचेचं झाकण मागे सरकायचं. पण खोक्यात काच आली होती एकसंध, बंद. उघडी दाखवायची तर चिरायला हवी, आणि तडकली तर दुसरी आणायची कुठून? आठवडाभर मास्तर ब्लेड उचलत होते, ठेवत होते. जेवता जेवता उठायचे, माडीवर जायचे, नुसतं बघून खाली यायचे. शेवटी बायको म्हणाली, एक तर चिरा, नाहीतर जेवा, पण माझा जिना झिजवू नका.

रविवारी आत्याची टॅक्सी निघाल्याचा फोन आला आणि मास्तरांचा उरलासुरला धीर सुटला. राहू दे बंदच, तोंडानं समजावून सांगू. सावकाश सुकणारा गोंद सोडून त्यांनी उचलली ती तुटक्या कवळ्या चिकटवायची झटपट गोंदाची ट्यूब. अति घाई संकटात नेई असं रस्त्यावर लिहिलेलं असतं, टेबलावर कोण लिहिणार? काच झकास बसली, आणि डोळ्यांदेखत आतून पांढरी होत गेली. या गोंदाची वाफ काचेवर धरते हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. ते पुसत सुटले, पण डाग बाहेरून थोडाच होता. तेवढ्यात खाली दार वाजलं.

आत्या माडीवर आली, टेबलाशी बसली, पिशवीतून भिंग काढलं. पंख पाहिले, चाकं पाहिली, शेपटीवरचा आकडा पुटपुटत वाचला. मग भिंग काचेवर आलं आणि तिथेच थांबलं.

"आत धूर आहे," ती म्हणाली.

मास्तर घाईघाईनं सांगायला लागले, की धूर नाही, गोंद आहे, माझीच चूक झाली. तिला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. इतकी वर्षं मिटल्या डोळ्यांनी जे पाहत आली, तेच भाच्यानं टेबलावर मांडून ठेवलं होतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उघड ते. त्याला बाहेर काढ."

आठवडाभर अडलेलं ब्लेड एका झटक्यात चाललं. काच तडकली. तडकू दे! आत खुर्चीत नखाएवढा वैमानिक बसला होता, मास्तरांनीच जीव ओतून रंगवलेला, कागदी पट्ट्यांनी बांधलेला. त्यांनी पट्ट्या कापल्या, चिमट्यानं त्याला उचललं आणि आत्याच्या तळहातावर ठेवलं. तिनं मूठ मिटली. बायकोनं आणलेला चहा निवून गेला.

निघताना मास्तर विमान खोक्यात भरायला लागले, तर आत्या नको म्हणाली.

"ते राहू दे तुझ्याकडे. याला मी घरी नेते."

जिना उतरताना मास्तरांनी आधाराला हात पुढे केला. तिनं डाव्या हातानं तो धरला, उजवी मूठ मात्र टॅक्सीत बसेपर्यंत उघडली नाही.