खिडकीजवळची खुर्ची

टाचणीच्या नवऱ्याला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या: भूक आणि चाळीस इंचांची कंबर. लिफ्ट दुरुस्तीचं त्याचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या बंद लिफ्टपायी जिने चढायचे आणि घरी येऊन ताटावर आडवा हात मारायचा. ती कपडे शिवायची. ओठांत टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून सगळी बिल्डिंग तिला टाचणी म्हणे, आणि लग्नानंतर वर्षभरात नवराही म्हणायला लागला.

पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच लांबच्या सहलीचं जमलं, तेव्हा इटलीचं नाव त्यानेच काढलं. "पुतळे आणि घुमट फोटोत बघू," तो म्हणाला. "मला तिथे जाऊन जेवायचंय."

मोठ्या शहरांवर त्याने पहिल्याच दिवशी काट मारली. उन्हाळ्यात तिथे म्हणे पाय ठेवायला जागा नसते, अन् जेवायलाही रांग. उरली तीन नावं: चीजसाठी तळ्याकाठचं एक गाव, मासळीसाठी एक बंदर आणि डोंगरातलं एक खेडं, जिथे पास्ता अजून हाताने वळतात. तीनही नावं कुणी ऐकलेली नव्हती, हेच त्याला आवडलं होतं. पण निवड होईना, म्हणून वरच्या मजल्यावरच्या कप्तानाला बोलावलं.

कप्तान काही खरा कप्तान नव्हता. मालवाहू जहाजावर आचारी होता, बटाटे सोलत सोलत जग बघितलेला. सहा फूट उंच आणि काडीसारखा. "बाबा खातात सगळं, पण अंगी काही लागत नाही," असं त्याची सून सतत म्हणायची.

त्याने नकाशा बराच वेळ बघितला. मग तिन्ही नावं सोडून किनाऱ्यावर पेन्सिलीने एक ठिपका काढला.

"इथे जा. हॉटेल नाही, घर आहे. निळं दार. एक बाई रांधून वाढते. फक्त दुपारी आणि संध्याकाळी."

"चव?" नवऱ्याने विचारलं.

"तशी पुन्हा मिळाली नाही." कप्तानाने तो ठिपका पुन्हा गडद केला. "आणि एक करा. खिडकीजवळच्या खुर्चीत तुम्हीच बसा. वारा छान येतो."

गावात ते बसमधून उतरले तेव्हा भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. निळं दार त्यांनी ठोठावायच्या आतच उघडलं. बाई सत्तरीची असावी. भाषेचा प्रश्नच नव्हता. ना तिला यांची येत होती, ना यांना तिची. तिने नवऱ्याचा दंड धरून त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, रुमाल गळ्याशी खोचला आणि वाढायला घेतलं. सूप, भाजलेली मासळी, घेवड्याचे दाणे घातलेला पास्ता, घरचा पाव. टाचणी दोन घासांतच गप्प झाली. इतकं चांगलं जेवण तिने जन्मात खाल्लं नव्हतं.

नवऱ्याने तीनदा घेतलं. मग चौथ्यांदा.

"पोट आहे की पिंप?" ती हसली.

"काय करू, भूकच भागत नाही. इथली हवा असेल."

दुसऱ्या दिवशी त्याची पँट कमरेवरून घसरायला लागली. टाचणीने टेप लावला. साडेअडतीस. टेप कधी खोटं बोलत नाही, पण तिने तीनदा मोजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी छत्तीस. एका दिवसात अडीच इंच! त्याचे गाल बसले होते, डोळे खोल गेले होते, आणि तरी तो जेवणाच्या वेळेची वाट बघत गावातल्या भाड्याच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता.

त्या संध्याकाळी टाचणीने जेवण सोडून बाईकडेच लक्ष दिलं. वाढताना बाई त्याच्याशी हळू आवाजात काही ना काही बोलत असे, हे तिने पाहिलं होतं. पण बाई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या डोक्याच्या वीतभर वर होती, जणू तिथे कुणा उंच माणसाचा चेहरा होता. बोलता बोलता ती त्या रिकाम्या जागेकडे बघून लाजली.

टाचणी उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "माझ्या जागेवर बसा."

ती स्वतः त्या खुर्चीत बसली आणि चमचाभर सूप तोंडात घेतलं. चव लागली, जिभेला चटका बसला. पण घास गळ्याखाली उतरला आणि नाहीसा झाला. दुसरा घेतला, तोही गेला. पोटात काहीच पोचलं नाही. उलट आत खड्डा पडल्यासारखी भूक खवळली. समोर तिच्या जागेवर नवऱ्याने पावाचा तुकडा खाल्ला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला ढेकर आली.

सकाळच्या पहिल्या बसने ते निघाले. बाईने अडवलं नाही. ती खिडकीजवळ ताट मांडत होती.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कप्तान खाली आला, हातात दोन पँटी घेऊन. नवरा आत झोपला होता.

"जरा सैल करून दे गं. होत नाहीत."

तिने त्याच्या कमरेला टेप लावला. बत्तीस इंचांचा माणूस छत्तीसवर गेला होता. तिने टेप सोडला नाही.

"सून सांगत होती, तीन दिवस तुम्ही पाण्याशिवाय काही घेतलं नाहीत. पोट भरलंय म्हणत होतात."

कप्तानाने हातातल्या कपड्यांची घडी पुन्हा घातली.

"कोण आहे ती?"

"जेवायला येतो म्हणून सांगितलं होतं तिला," तो म्हणाला. "जहाज लवकर सुटलं. मी कळवलंही नाही. चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून पोटभर जेवलो नाही गं, काहीही खाल्लं तरी. परत जायला तोंड नव्हतं मला."

"म्हणून माझ्या नवऱ्याचं तोंड वापरलंत?"

म्हातारा स्टुलावर बसला. "चूक झाली. पण... मला नुसतं सांग, ती कशी आहे?"

तिला त्याला हाकलून द्यायचं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर बाईचं ते लाजणं आलं.

"रोज वाट बघते. ताट मांडून," ती म्हणाली. "आता स्वतः जा."

पँटी तिने सैल करून दिल्या. महिन्याभरात कप्तान तिकडे गेला. पोचल्याचा त्याचा एक फोन आला सुनेला. "वाढलंय, ठेवतो" इतकंच बोलला. त्यानंतर फोन लागलाच नाही. सुनेने पत्र पाठवलं, ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं.

नवऱ्याची कंबर हळूहळू अडतीसपर्यंत आली. तो पूर्वीसारखाच जेवतो, हसतो, लिफ्टवाल्यांचे किस्से सांगतो. फक्त टाचणीचं स्वतःचं जेवण मध्येच थांबतं. तो घास गिळतो तेव्हा तिची नजर त्याच्या गळ्यावरून खाली, पोटापर्यंत जाते.

"काय बघतेस?" तो विचारतो.

"काही नाही," ती म्हणते. "जेवा तुम्ही."